एमडी बंद करून महिना झाला, तरी भाऊ पूर्वीसारखा का नाही?

ऐरोलीच्या एका ताईंनी लांबलचक प्रश्न विचारलाय, त्याचा सारांश आधी देते. धाकटा भाऊ, वय २४, महापेला रात्रपाळीची नोकरी. दीड-एक वर्ष एमडी ही नशेची पावडर घेत होता. घरी कळलं ते पगार पुरेनासा झाल्यावर. आता महिनाभर हातही लावलेला नाही, असं आईची शपथ घेऊन सांगतो. बंद केल्यावर पहिले काही दिवस तो नुसता झोपला आणि उठला की खात सुटला. त्यानंतर मात्र कशातच जीव नाही. मित्रांचे फोन घेत नाही, मॅच लावली तरी बघत नाही, अंघोळीलाही ढकलावं लागतं. शिवाय रात्री गॅलरीच्या ग्रिलला चिकटून उभा राहतो आणि खाली थांबलेली रिक्षा आपल्यावर पाळत ठेवायला लावलीय म्हणतो. बाबांच्या मते हे कामावर न जाण्याचं सोंग आहे. मामांच्या मते शहराबाहेरच्या एका केंद्रात सहा महिने टाकला की सरळ होईल. ताई विचारतात, हे व्यसन शरीराचं आणि डोक्याचं नेमकं करतं काय, आणि आमचा भाऊ आम्हाला परत मिळेल का?

ताई, मी ठाण्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करते आणि व्यसनाचे पेशंट माझ्या ओपीडीत रोजचेच. भावाला न तपासता त्याला काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरात वाद चाललाय ‘सुटलं की नाही सुटलं’ यावर, आणि त्या वादात या दोन्हींची गल्लत झालीय. झोप, निरुत्साह, कशातच रस नसणं हे एमडी सोडल्यावर येतंच. त्याला वेळ द्यावा लागतो. रिक्षेचा संशय मात्र महिना उलटल्यावर असायला नको. तो याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचा. हे दोन्ही का म्हणतेय ते नीट सांगते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ पर्यंत आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हतं. कोकेनपेक्षा खूप स्वस्त, पावडर नाकाने ओढायची, तोंडाला वास नाही, डोळे गांजासारखे लाल नाहीत. रात्रपाळीच्या मुलांना सुरुवातीला ते जागं राहायची सोय वाटतं. कुणी वजन उतरवायला घेतं, कुणी पार्टीत. काही मुलांच्या बाबतीत ते लैंगिक संबंधांशी जोडलेलं असतं, आणि ही गोष्ट तो आई-बहिणीसमोर कधीही बोलणार नाही. म्हणून डॉक्टरकडे न्याल तेव्हा त्याला पंधरा मिनिटं तरी एकटं आत बसू द्या. तो का घेत होता हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही.

ओढल्यावर ते काही मिनिटांत चढतं आणि साधारण दीड-दोन तासांत उतरायला लागतं. हे लवकर उतरणंच घात करतं. दारू पिणारा निदान झिंगून झोपतो. एमडीवाला उतरायला लागला की दुसरी लाइन ओढतो, मग तिसरी, आणि ‘आज एकच’ म्हणून बसलेला मुलगा पहाटेपर्यंत पुडी चाटून-पुसून संपवतो.

आता डोक्यात काय होतं ते. १९५४ साली कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोन संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या एका भागात बारीक तार बसवली. पिंजऱ्यातली कळ दाबली की तिथे विजेचा हलका झटका बसायचा. उंदीर ती कळ दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत तर काही उंदरांनी खाणं सोडून कळ पसंत केली. त्या भागाला लोक ‘आनंदाचं केंद्र’ म्हणायला लागले. पण नंतरच्या संशोधनातून चित्र थोडं बदललं. तिथे काम करणारं डोपामीन हे रसायन मजा देतं असं म्हणण्यापेक्षा ‘हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा कर’ असा शिक्का मारतं, असं म्हणणं जास्त बरोबर. मजा वाटणं आणि ओढ लागणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्यासमोर बसलेली मुलं कुठलंही पुस्तक न वाचता हेच सांगतात, ‘मॅडम, आता मजा काही येत नाही, पण राहवत नाही.’ घरच्यांना हे वाक्य निर्लज्जपणाचं वाटतं. मला ते आजाराचं अगदी नेमकं वर्णन वाटतं.

चांगलं जेवण, दोस्तांबरोबरची चेष्टामस्करी, बढती, प्रेम, या सगळ्यांनी डोपामीन थोडंथोडं वाढतं आणि वापरून झालं की पेशी ते परत आत ओढून घेतात. मेफेड्रोन ही परत ओढण्याची दारंच उलटी फिरवतं. जिथून माल आत यायचा तिथूनच तो बाहेर ढकलला जातो. डोपामीनबरोबर सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही. म्हणून सुरुवातीला एवढं आपलेपण, एवढी बडबड, एवढा आत्मविश्वास. पण मेंदू असा पूर फार वेळ सहन करत नाही. तो स्वतःची ऐकण्याची ताकद कमी करून टाकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तासभर उभं राहून घरी आलं की आईचं बोलणं लांबून कुठूनतरी आल्यासारखं वाटतं ना, तसंच. आई हळू बोलत नसते, आपले कान बधिर झालेले असतात. तुमच्या भावाचे ते कान अजून बधिर आहेत, आणि मॅच, मित्र, आईच्या हातचं जेवण हे सगळं त्याला लांबून ऐकू येतंय.

एक मुलगा, ओळख बदलून सांगते, बंद केल्याच्या तिसऱ्या आठवड्यात फॉलोअपला आला होता. वडील म्हणाले, घरात नुसता मख्ख बसतो. मी विचारलं, रविवारी काय केलंस? म्हणाला, ‘आईने सुरमई तळली होती. चांगली झालीय हे कळत होतं. पण चांगली लागत नव्हती.’ वडील बाजूलाच बसले होते, त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे नीट पाहिलं. ‘सोंग’ हा शब्द त्या घरात नंतर कुणी काढला नाही. ताई, बाबांना हा प्रसंग वाचून दाखवा. आळशी माणसाला काम नको असतं, पण तळलेली सुरमई हवी असते.

सोडल्यानंतरचे दिवस साधारण असे जातात. पहिले दोन-चार दिवस माणूस कोसळल्यासारखा झोपतो आणि उठला की ओरबाडून खातो, कारण महिनोन्‌महिने झोप आणि भूक दोन्ही मारलेली असते. घरच्यांना वाटतं, चला, सुधारला. मग झोप भरून निघते आणि खरा अवघड काळ सुरू होतो: उदास, चिडचिडा, लक्ष न लागणारा, मधूनच एमडीची स्वप्नं पडणारा. हा काळ कित्येक आठवडे, काहींचा काही महिने चालतो. किती, ते किती वर्षं घेतलं, किती घेतलं, आधीपासून नैराश्य होतं का, बरोबर आणखी काय चालू होतं यावर अवलंबून. पुन्हा घेण्याचा धोका या टप्प्यात मोठा असतो, कारण घरी सगळे म्हणत असतात ‘आता काय झालंय तुला, सुटलं ना?’ आणि त्याच्या डोक्यात एकच औषध फिरत असतं जे पाच मिनिटांत हे सगळं घालवेल.

पूर्वीसारखा होईल का? मेंदू-संशोधक नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये मेथअँफेटामाइन या एमडीच्याच नात्यातल्या पदार्थाचं व्यसन सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. वर्षाहून जास्त काळ बंद ठेवल्यावर डोपामीन परत ओढणारी ती दारं बऱ्यापैकी भरून आलेली दिसली. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र सुधारणा तेवढी ठळक नव्हती. पदार्थ वेगळा, माणसं वेगळी, म्हणून हा हिशोब तुमच्या भावाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण मी प्रॅक्टिसमध्ये जे बघते ते याच्याशी जुळतं. भरून येतं, पण आठवड्यांच्या नाही, महिन्यांच्या मापाने. घरच्यांची घाई आणि मेंदूचं वेळापत्रक जुळत नाही, तिथे बरीच घरं मोडतात.

शरीराबद्दल थोडक्यात. एमडीने नाडी आणि रक्तदाब चढतो, अंगाचं तापमान वाढतं, हृदयाचे ठोके चुकू शकतात. पंचविशीतल्या मुलाला छातीत दुखलं तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून घरी थांबू नका. वजन उतरतं. नाकातून रक्त, खपल्या, वास न येणं हे नेहमीचं. मी तपासताना तोंड उघडायला सांगते. जबडा रात्रभर आवळल्यामुळे दातांच्या कडा झिजलेल्या असतात आणि गालाच्या आतल्या बाजूला चावल्याची पांढरट रेघ असते. मुलगा ‘दोन-तीनदाच घेतलं’ म्हणत असतो आणि दात वेगळं सांगत असतात. पहिल्या भेटीत ईसीजी, रक्तदाब, मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या, थायरॉइड एवढं करून घेतलेलं बरं. सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीसुद्धा. हे त्याला न ओरडता विचारा, किंवा आमच्यावर सोडा.

आता रिक्षा. तुमच्या सगळ्या प्रश्नात माझी नजर थांबली ती या ओळीवर.

एमडी घेत असताना, विशेषतः दोन-तीन रात्री सलग जागल्यावर, संशय येणं आणि भास होणं फार नेहमीचं आहे. पोलिस मागावर आहेत, मोबाइल हॅक झालाय, शेजारी भिंतीपलीकडून बोलतायत. बंद केल्यावर आणि झोप झाल्यावर हे बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. साधारण महिना उलटूनही संशय टिकला असेल तर डॉक्टर म्हणून मला वेगळा विचार करावा लागतो.

पहिली शक्यता ही की एमडी खरंच पूर्ण बंद नाही, अधूनमधून चालू आहे. किंवा एमडी बंद आहे पण गांजा चालू आहे. ‘काय घेतोस?’ विचारलं तर आजची मुलं गांजा मोजतच नाहीत, त्यांच्या लेखी तो व्यसनात धरायचाच नसतो. आणि कमी वयात नियमित ओढलेला गांजा संशयाचा आजार पुढे आणू शकतो हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे. दुसरी शक्यता ही की एमडीने सुरू झालेला संशय काही थोड्या लोकांत लांबतो, तसं याचं झालंय. तिसरी शक्यता घरच्यांना ऐकायला जड जाते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांसारखे आजार याच वयात, विशी-पंचविशीत डोकं वर काढतात. कधी एमडीने ठिणगी पडते, कधी आजार आधीच आत सुरू झालेला असतो आणि मुलगा अस्वस्थपणा दाबायला एमडीकडे वळलेला असतो. कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायला नीट इतिहास लागतो: दहावी-बारावीत तो कसा होता, नातेवाइकांत कुणाला मानसिक आजार आहे का, एमडीच्या आधी कधी असा घाबरला होता का. यातलं बरंच तुम्हालाच माहीत असणार.

चौथी शक्यता पुस्तकात नसते. त्याची खरोखरच कुणाकडे उधारी असेल आणि कुणीतरी खरंच शोधत येत असेल. हेही शांतपणे विचारा. मी विचारते.

या सगळ्या शक्यतांत औषधं वेगळी, मुदत वेगळी, म्हणून तपासणी लागते. संशयाच्या आजारात उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढे सावरणं कठीण होतं, म्हणून माझी घाई. तोवर घरी त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याची रीही ओढू नका. ‘वेडा झालास का’ म्हटलं की तो तुम्हालाही कटात सामील धरेल. खाली नेऊन रिक्षावाल्याशी समोरासमोर गाठ घालून देणं हा प्रकार काही घरांत होतो, तो तर अजिबात नको. एवढंच म्हणा: ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. मला तिथे कुणी पाळतीवर दिसत नाही. पण तुझी झोप होत नाहीये, तेवढ्यासाठी तरी डॉक्टरकडे जाऊ.’ झोपेच्या मुद्द्यावर मुलं येतात. ‘व्यसनासाठी चल’ किंवा ‘तुझं डोकं तपासायला चल’ म्हटलं की दार लावून घेतात.

घरी किट आणून लघवी तपासायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मामा लवकरच सुचवतील. मेडिकलमध्ये मिळणारी नेहमीची किट मेफेड्रोन भरवशाने पकडत नाहीत. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. उलट गांजा मात्र चरबीत साठतो आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतो, म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून तो कालच ओढला असंही नाही. अशा चाचणीवरून घरात खटला चालवण्यापेक्षा ती डॉक्टरच्या हातात राहू द्या.

इथे एक प्रश्न मी प्रत्येक एमडीच्या पेशंटला विचारते: उतरवायला काय घ्यायचास? रात्रभर टक्क जागं राहिल्यावर सकाळी झोप यावी म्हणून कुणी दारू पितं, कुणी झोपेच्या गोळ्या, म्हणजे मुलं ज्यांना बटण म्हणतात त्या. घरच्यांचं सगळं लक्ष एमडीवर आणि धोका इथे असतो. एमडी एकदम बंद केलं तर माणूस उदास होतो, पण बंद करण्याने शरीराला सहसा जीवघेणं काही होत नाही. रोजची दारू किंवा रोजच्या झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते (दारूत बहुधा पहिल्या दोन दिवसांत, गोळ्यांत कधी त्याहून उशिरा) आणि पुढे माणूस भ्रमात जाऊ शकतो, अंगाला कंप, घाम, नसलेली माणसं दिसणं. हे जिवावर बेततं. या गोळ्या डॉक्टर हळूहळू उतरवतात. दारूसाठी ठरावीक दिवस औषध आणि थायमिन हे जीवनसत्त्व द्यावं लागतं. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगरचं गणित पुन्हा निराळं. तिथली ‘टर्की’, अंग मोडून येणं, नाक-डोळे गळणं, जुलाब, काटा येणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवड्याभरात उतरते. ती भयंकर असते पण सहसा मारत नाही. मारतं ते नंतर. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस जुन्याच मात्रेने पुन्हा घेतो तेव्हा श्वास थांबतो. म्हणून ‘व्यसन म्हणजे व्यसन, सगळं एकच’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. काय, किती, कशातून, कधीपासून आणि शेवटचं कधी, ही उत्तरं आधी हवीत. उपदेश नंतर.

‘मनाने खंबीर असता तर पडलाच नसता’ असंही घरात बोललं जात असणार. अभ्यास सांगतात की व्यसन लागण्यातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणजे नेमका पिकायच्या वयात त्याच्यावर पावडर पडते. याचा अर्थ त्याची जबाबदारी संपली असा मी कधीच घेत नाही, पेशंटला तर तसं मुळीच म्हणत नाही. डायबेटिस कुणी मुद्दाम ओढवून घेत नाही, तरी गोळी ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

मामांच्या केंद्राकडे येते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. १९७० च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तर घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले फार थोडे निघाले, सुमारे वीसात एक. जागा, माणसं, दिनक्रम सगळं बदललं होतं. आता केंद्राचा विचार करा. तिथे गेलेला मुलगा सहा महिने छान राहतो, कारण तिथे पावडर नाही, तो मित्र नाही, रात्रपाळी नाही. मग तो परत येतो तो त्याच खोलीत, त्याच शिफ्टला, त्याच टपरीवर, त्याच पगाराच्या तारखेला. सैनिक व्यसनाची जागा सोडून घरी गेले, आपली मुलं केंद्रातून व्यसनाच्या जागी परत येतात. म्हणून ‘किती महिने ठेवायचं’ यापेक्षा ‘परत आल्यावर काय बदललेलं असेल’ हा प्रश्न मोठा. रात्रपाळीतून दिवसपाळी मिळते का, पगार काही महिने आईच्या खात्यात जाईल का, फोनमधले दोन-तीन नंबर तो स्वतः काढेल का. ही कामं केंद्र करत नाही.

भरती कधीच नको असं मी म्हणत नाही. तो घरी आवरत नसेल, जिवाला धोका असेल, घरात आणून घेत असेल किंवा गोळ्या-दारू उतरवायची असेल तर भरती करावीच. पण आधी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात, कारण तुमच्या भावाचा पहिला प्रश्न संशयाचा आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर ठरलेली पद्धत आहे, डॉक्टरांची तपासणी लागते, मुदत असते. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. मामांना केंद्राबद्दल एवढं विचारायला सांगा: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष कधी येतो, पहिल्या आठवड्यात भेटू देतात का, फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेतात. ‘आम्ही सरळ करतो’ हे उत्तर आलं की तिथून निघा. मारून, उपाशी ठेवून किंवा संडास घासायला लावून डोपामीन भरून येत नाही. संशय असलेल्या मुलाला गाडीत कोंबून नेलं तर त्याची खात्रीच पटते की सगळे कटात होते, आणि नंतर आमच्यावरही तो विश्वास ठेवत नाही.

पोलिसांची भीती बऱ्याच घरांना डॉक्टरपासून लांब ठेवते. उपचाराला आलेल्या पेशंटची माहिती आम्ही पोलिसांना कळवत बसत नाही, ती गोपनीय असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घ्यायला पुढे आली तर तिला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ आहे, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे. विक्रीला हे लागू नाही. भाऊ दुसऱ्यांना पोचवत असेल तर आधी वकील गाठा.

एमडीची ओढ मारणारी खास गोळी नाही, हे आधीच सांगते, कारण तुम्ही तीच मागाल. संशयाला, नैराश्याला, झोपेला औषधं आहेत आणि ती चांगली चालतात. ओढीवर काम होतं ते समुपदेशनातून: ओढ कधी येते ते ओळखणं, ती लाटेसारखी चढून उतरते हे शिकणं, पैसे-फोन-रात्र यांची आखणी, आणि एमडी न घेतल्याचं लगेच मिळणारं छोटं बक्षीस. शेवटचं ऐकून बाबा चिडतील, ‘न खाल्ल्याबद्दल बक्षीस?’ पण या प्रकारच्या व्यसनात ज्या पद्धतींचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे त्यांत ही पुढे आहे. नार्कोटिक्स अॅनॉनिमससारख्या, व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाचाही काही मुलांना खूप आधार होतो, काहींना तिथे बसवतच नाही. जबरदस्ती करू नका. पुन्हा एकदा घेतलं तर तो शेवट नसतो. त्याच दिवशी कळवलं तर सावरता येतं, आणि तो कळवेल की नाही हे मागच्या वेळी तुम्ही किती तमाशा केला यावर ठरतं.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवू नका. सोडल्यानंतरच्या उदास काळात आत्महत्येचा विचार येऊ शकतो. सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का? काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा आवाज त्याला काही करायला सांगत असतील, तर त्याला एकटा सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीत दुखणं, फिट, अंग तापून बडबडणं यालाही हेच, १०८ ला फोन करा. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी क्रमांक आहेत, घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

ऐरोलीहून तुम्हाला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय दिघा-विटाव्याच्या रस्त्याने रिक्षाने जवळ पडेल. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरलात तर प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. त्या नावाला बिचकू नका, ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती केलं असं होत नाही. सकाळी लवकर जा, नंतर रांग वाढते. एका कागदावर तारखांसकट लिहून न्या: एमडी कधी सुरू, शेवटचं कधी, संशय पहिल्यांदा कधी दिसला, रोज किती तास झोपतो, घरात कुणाला मानसिक आजार किंवा व्यसन. तो झोपतो त्या खोलीत गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली तर आईला ती टाकू देऊ नका, पिशवीत घालून बरोबर आणा. त्यावरची नावं वाचूनच कळेल की याला औषध घरी देऊन पाठवायचं की आधी चार दिवस वॉर्डात ठेवायचं.